आल्यागेल्याची जागा

१

भुजंगराव नीट जेवत नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. का जेवत नाहीत हे फक्त त्यांच्या लेकीला, शिल्पाला कळलं, आणि तेही उशिरा.

आई, साखराबाई, गेल्यावर शिल्पाने बापूंना अर्धापूरजवळच्या गावाहून नांदेडला आणलं. केळीची बाग भावकीत बटईने लावली, घराला कुलूप घातलं. तरोडा नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. नवरा सुदर्शन लातूरला कॉलेजात शिकवायचा आणि मुलगी शिवांगी तिथेच अकरावीच्या क्लासला होती, त्यामुळे ते दोघं सुट्टीपुरतेच नांदेडला यायचे. एरवी घरात शिल्पा आणि बापू. म्हाताऱ्याची सोय होईल आणि आपल्यालाही सोबत होईल, असा तिचा साधा हिशोब. हिशोबात खोट नव्हती, पण बापू त्यात बसेनात.

गुडघे गेल्यामुळे त्यांना जमिनीवर बसलं की उठता येत नव्हतं, आणि खुर्चीवर बसून जेवणं पटत नव्हतं. पाय लोंबत ठेवून जेवायला हे काय हाटेल हाय का, असं विचारून ते ताट घेऊन गॅलरीत जात आणि वॉशिंग मशीनला टेकून उभ्याउभ्या जेवत. अर्धी भाकरी पोटात, अर्धी कावळ्याला. महिनाभरात सदऱ्याचे खांदे दंडावर उतरले.

शिल्पाने आधी भाज्या बदलल्या, मग डॉक्टर बदलला. एके दिवशी ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, तेव्हा बापू घास हातात धरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होते. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गावात त्यांची ओसरी रस्त्याला लागून होती. पहिला घास मोडण्याआधी रस्त्याने जाणाऱ्याला हाक घालायची, "या जेवायला." जाणाऱ्याने न थांबता म्हणायचं, "हाव, जेवा तुम्ही." येत कुणीच नसे. हाक यावं म्हणून नसतेच, पण ती घातल्याशिवाय बापूंना घास उतरत नसे. बांगड्या विकणारी असो, एसटीचा कंडक्टर असो, बांधावरून कोर्टात खेचणारा चुलतभाऊ असो, सगळ्यांना हाक. आता पाण्याच्या टाकीला काय या जेवायला म्हणणार?

लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हेच शिल्पाचं काम होतं. गावभर ओटे आणि ट्रॉल्या बसवल्या, आणि घरात बाप उभ्याने जेवतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या दिवशी तिने ठरवलं, बापूंना बसून, पोटभर जेवायला घालायचं. ठरवलं की मागे फिरायचं नाही, हा गुण तिने आईकडून घेतला होता.

२

तिने कोपऱ्याचं बाकडं आखलं. काटकोनात दोन बाजू, वर गादी, पुढे बुटकं टेबल. बैठक नेहमीच्या बाकड्यापेक्षा चांगली खोल ठेवली, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाय वर घेऊन, भिंतीला टेकून मांडी घालता यावी. दुखरा गुडघा सैल सोडायला जागाही ठेवली. आणि खरी मेख पुढेच होती. लांब बाजूला बसणाऱ्याला स्वयंपाकघराचं दार, हॉल, बाहेरचं जाळीचं दार आणि त्यापलीकडचा जिना एका रेषेत दिसला पाहिजे. त्यासाठी तिने फ्रिज हलवला. वर तिसऱ्या मजल्यावर महानंदाकाकू राहायच्या, त्यांच्याकडे येणारे-जाणारे याच जिन्याने जायचे. रस्ता नाही तर जिना तरी, असा तिचा विचार होता.

कामाला देगलूरकडचा शिवमूर्ती सुतार होता. हात बरा, जीभ त्याहून बरी. प्लायचे खोके ठोकून झाले आणि कोपऱ्यावर येऊन तो थांबला.

"ताई, या कोपऱ्यात पाय सोडायला जागा न्हाई. दोन्हीकडले गुडघे हितंच येतेत. फळी ठोकून टाकू, तांब्या ठिवायला हुईल."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि गिऱ्हाइकांना शिल्पाही तेच सांगायची. कोपऱ्यातली जागा फुकट जाते, तिथे कुणी बसत नाही. पण तिला पंगत आठवत होती. बापूंच्या पंगतीत शेवटचा एक पाट कायम रिकामा असायचा. तिने सांगितलं, गादी सलग राहू द्या, आल्यागेल्याला जागा पाहिजे.

"आल्यागेल्याला पाय नसतेत का?" शिवमूर्ती म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. शिल्पाही हसली.

खाली कडक फोम, वर मऊ फोम, त्यावर मेंदी रंगाचं रेग्झिन. ते ओढून बसवायचं काम तिने स्वतः केलं. कोपऱ्यावर चुण्या पडू द्यायच्या नाहीत म्हणून तिथलं रेग्झिन तिने पुन्हा उचकटलं आणि पुन्हा ताणलं. बापू दारात उभे राहून बघत होते. त्यांनी एकदा बोट दाबून फोम पाहिला, बोट काढल्यावर तो लगेच वर आला, आणि कापूस न्हाई व्हय, एवढंच ते म्हणाले.

३

पहिलं जेवण दुपारचं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, फोडलेला कांदा. बापू लांब बाजूला मांडी घालून बसले, पाठ टेकली, आणि त्यांच्या तोंडून समाधानाचा सुस्कारा निघाला. शिल्पा आखूड बाजूला बसली. मधला कोपरा रिकामा, गुळगुळीत, नवा.

बापूंनी भाकरी मोडली आणि ते जाळीच्या दाराकडे बघत राहिले. जिन्यावर कुणी नव्हतं. घास हातातच राहिला. आज तरी हा घास पोटात गेला पाहिजे, एवढंच शिल्पाच्या मनात होतं. ती स्वतः जेवू लागली, म्हणजे बघून तरी ते जेवतील.

तेवढ्यात जाळीवरून सावली सरकली. शिल्पाने वरही पाहिलं नाही. तोंडात घास तसाच ठेवून तिने मोठ्याने हाक घातली, "या जेवायला."

उत्तर आलं नाही.

या मुलखात त्या हाकेला उत्तर न देणारा माणूस नाही. भांडण असलं तरी लोक जेवा म्हणतात आणि मग तोंड फिरवतात. शिल्पाने मान वर केली. जाळी रिकामी होती आणि जिन्यावर चपलांचा आवाज नव्हता. महानंदाकाकूंना ऐकू आलं नसेल, असं तिने मनाला सांगितलं. बापूंकडे पाहिलं तर त्यांनी घास तोंडात घातला होता. मग दुसरा घातला. पूर्ण भाकरी संपवून त्यांनी आणखी अर्धी मागितली, तेव्हा शिल्पाला रडू आलं आणि सावलीचं ती विसरली.

महानंदाकाकू हिमायतनगरला लेकीकडे गेल्या होत्या आणि वरच्या घराला कुलूप होतं, हे तिला नंतर समजलं. कुरिअरवाला असेल. कुणीही असेल.

४

बापू जेवू लागले. आधी दोन भाकरी, मग तीन, मग चार. शिल्पाने सुदर्शनला फोन करून ऐटीत सांगितलं की डॉक्टरांना जे जमलं नाही ते माझ्या प्लायने केलं. सुदर्शन म्हणाला, बिल पाठव मग त्यांना.

फक्त कोपरा बसला. म्हणजे गादी बसली. दोन्ही बाजू फुगीर, आणि जिथे कुणीच बसत नाही त्या कोपऱ्यात खोलगट खड्डा. तिने हाताने थापटलं, उन्हात वाळवलं, फोम उलटा करून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खड्डा तिथेच. शिवमूर्तीने हलका माल घातला म्हणून तिने त्याला बोलावून चांगलं खडसावलं. त्याने कव्हर काढलं, फोम ओट्यावर ठेवला, मूठ दाबून दाखवली. फोम झटकन वर आला.

"माल चोख हाय ताई. हितं रोज कोण बसून राहिलं ते सांगा."

कुणी नाही, ती म्हणाली. तो नवा फोम घालून गेला. तोही बसला. बापू पाय पसरत असतील तिकडे, दुखरा गुडघा टेकवत असतील, असं तिने ठरवून टाकलं. पण जेवताना त्यांची मांडी कधीच सुटत नव्हती. आणि ताट हळूहळू कोपऱ्याकडे सरकत होतं, हेही तिला दिसत होतं. जेवायला बसताना ते बापूंच्या समोर असे आणि उठताना कोपऱ्याच्या कडेला.

५

मग तिच्या लक्षात आलं की बापू वाळत चाललेत.

चार भाकरी खाणारा माणूस वाळतो कसा? गालफडं आत गेली, घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे जाऊ लागलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, जेवण जातं का? शिल्पाने चार भाकऱ्या सांगितल्या तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाप उपाशी ठेवून ही बाई थापा मारतेय. ती शरमेने लाल झाली.

दुसऱ्या दिवशी तिने धुराचा पंखा बंद केला, मिक्सर थांबवला, आणि समोर बसून बापूंचं जेवण नीट पाहिलं. घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात गेला. चावला. कांद्याची फोड उचलली, दाढेखाली करकर चावली, गिळली. बापू पाणी प्यायला थांबले. तांब्या ओठाला लागला होता, घसा हलत होता.

कांदा चावल्याचा आवाज चालूच होता.

सावकाश, तब्येतीने. दात चांगले असलेल्या माणसाचा आवाज होता तो. बापूंना पुढचे दात नव्हते. शिल्पा कोपऱ्याकडे बघत राहिली. खड्डा पडलेली गादी, त्यावर खिडकीचं ऊन, आणि काही नाही. आवाज थांबला. बापूंनी तांब्या खाली ठेवला.

तिने स्वतःला आवरलं आणि जे इतके दिवस मनात घोळत होतं ते विचारून टाकलं, "बापू, माय येती का जेवायला?"

बापू ओशाळं हसले.

"तुझी माय कधी माझ्या पंगतीला बसली व्हती का गं? मी उठल्यावर जेवायची ती. हे दुसरं हाय कोण तरी. बोलत न्हाई. पर एकल्यानं जेवण्यापरीस बरं हाय, बाई."

ती आई असती तर शिल्पाने हात जोडले असते.

६

सुदर्शनला सांगून उपयोग नव्हता. तिने स्वतःच पेचकस आणला आणि कोपऱ्याच्या खोक्याचे स्क्रू काढायला बसली. आपण बसवलं, आपण काढू. एक स्क्रू निघाला तोच बापूंनी येऊन तिचा हात धरला. त्यांच्या बोटांत जोर नव्हता, तरी तिने हात थांबवला.

"बोलावल्याला उपाशी उठवतेत का कधी? बाकडं मोडलं तर ते जाईल कुठं? माझ्या मागं गॅलरीत येईल. आन् तिथं बसायलाबी जागा न्हाई त्याला."

ते चेष्टा करत नव्हते. आपल्या आयुष्यभराच्या रीतीला धरून बोलत होते, आणि त्या रीतीत कुठे फट नव्हती. शिल्पा पेचकस हातात धरून तशीच फरशीवर बसून राहिली. हळूहळू तिला राग आला. कोपऱ्यातल्याचा नव्हे, बापूंचाही नव्हे, स्वतःचाच. ज्याने बोलावलं त्याने वाढायचं, ही पण रीतच की. बापूंनी कुठे बोलावलं होतं?

तिने स्क्रू परत बसवला.

आधी तिने कोपऱ्यापुढे तिसरं ताट मांडून पाहिलं. त्या ताटातल्या वरणावर साय धरली, भाकरी वाळून कडक झाली, आणि तिकडे बापूंचं ताट चाटून पुसून लख्ख. वेगळं ताट त्याला नको होतं. माणसाच्या ताटातलं हवं होतं.

मग तिने बापूंना आखूड बाजूच्या पार टोकाला बसवलं. त्यांनी कुरकुर केली, तिने ऐकली नाही. स्वतः लांब बाजूला मांडी घातली, कोपऱ्याला खेटून, आणि आपलं ताट कडेला सरकवलं. तिने कोपऱ्याकडे न बघता, पाहुण्याशी बोलावं तसं सांगितलं, "बोलावलं मी. बापूंनी न्हाई. आता घ्यायचं ते माझ्या ताटातलं घ्या."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रेग्झिन कुरकुरलं आणि तिच्या बाजूची गादी खचली, शेजारी कुणी सरकून बसल्यावर खचते तशी. तिच्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. ते थंड नव्हतं आणि गरमही नव्हतं.

समोर स्टीलचा तांब्या होता. त्याच्या पोटात स्वयंपाकघर वाकडं होऊन दिसत होतं. टोकाला बापू, बारीक. अलीकडे ती स्वतः, हिरव्या साडीत. आणि दोघांच्या मधे, तिच्या ताटावर पार खाली वाकलेली एक पाठ. खूप भूक लागलेला माणूस वाकतो तशी. ती पाठ वर होऊ लागली तेव्हा शिल्पाने तांब्यावर हात ठेवला आणि डोळे ताटाकडे वळवले.

घास तोंडात गेला. भाजीला चव नव्हती. तिने दुसरा मोडला.

७

बापू सुधारले. दोनच भाकरी खाऊ लागले पण त्या अंगी लागल्या. सदऱ्याचे खांदे जागेवर आले, घड्याळ मनगटावर थांबलं, आणि एकदा ते एकटेच एसटीने जाऊन केळीची बाग बघून आले. सुट्टीला आलेली शिवांगी म्हणाली, आजोबा हिरो दिसतात. सुदर्शन शिल्पाला म्हणाला, डाएट का? छान, पण पुरे आता. ती हो म्हणाली.

लग्नातल्या पाटल्या साबण लावून चढवाव्या लागल्या होत्या. आता कणीक मळताना त्या परातीत पडायच्या. तिने त्यांना दोरा गुंडाळला. जेवून उठलं की पोटात खड्डा. पण ती रोज ठरल्या जागी बसत होती. बापू एकदा म्हणाले, एक दिवस तू, एक दिवस मी, औताचे बैलबी पालटतेत. तिने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपवला. आपण हे निभावून नेऊ, अशी तिची खात्री होती. कुणाचीही भूक कधीतरी भागतेच.

जेवताना बाहेरचं लाकडी दार बंद, हा तिने नियम केला. कुणी जाताना दिसायला नको आणि तोंडून सवयीने काही निघायला नको. त्या दुपारी बापू खालून मेथीची जुडी घेऊन आले आणि दार ओढायचं विसरले. तिच्या लक्षात आलं तेव्हा पहिला घास मोडून झाला होता आणि जाळीपाशी महानंदाकाकू उभ्या होत्या.

"काय चाललंय? जेवणं व्हय?"

सगळ्या मुलखाला ठाऊक असलेली ती थांबण्याची वेळ. यजमानाने हाक घालायची आणि पाहुण्याने पुढे जायचं. शिल्पाने ओठ घट्ट मिटले. बापूंनीही खाली पाहिलं. काकू वाट बघत राहिल्या, त्यांचा चेहरा उतरत गेला. शिल्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ओठ तिने उघडले नाहीत.

"या जेवायला," कोपऱ्यातून आवाज आला.

आवाज शिल्पाचाच होता, तोंडात घास असताना निघतो तसा.

काकूंचा चेहरा खुलला. "हाव, जेवा तुम्ही," म्हणून त्या खाली उतरल्या. त्यांच्या चपला पायऱ्यांवर वाजत गेल्या, फाटकापर्यंत ऐकू आल्या.

त्यांच्या मागून जाळीवरून आणखी कुणीतरी गेलं. त्याने उत्तर दिलं नाही.

बापूंच्या बाजूचं रेग्झिन कुरकुरलं. त्यांचा घास हातातच थांबला आणि ते लेकीकडे बघू लागले. त्यांच्या शेजारची गादी हळूहळू खाली चालली होती. शिल्पा उठली. तिने बापूंचं ताट उचललं, आपल्या ताटाला लागून ठेवलं, आणि बापूंना हात धरून बाकड्यावरून उठवून हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी पाय खाली सोडले. ती परत आली, मनगटावरचा दोरा घट्ट केला, तवा गॅसवर ठेवला आणि परातीत आणखी पीठ घेतलं.